मोबाईल चालू होताना चिपच्या आत जी कडी लागते, ती १९१८ साली एका रेडिओवाल्या प्रोफेसरने बनवली होती

मोबाईल बंद करून चालू केला की स्क्रीनवर कंपनीचा लोगो येतो. तो येण्याच्याही आधी, सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यात, आतल्या मेमरी चिपमध्ये एक हजेरी होते. चिप बनली तेव्हा तिच्यात कुठे बिघाड सापडला होता, बिघडलेल्या जागेच्या बदल्यात कुठली राखीव जागा वापरायची, हे सगळं तिच्यात हजारो बारीक फ्यूजच्या रूपात नोंदवलेलं असतं. चिप जागी झाली की हे फ्यूज वाचते आणि वाचलेलं उत्तर एका छोट्या सर्किटमध्ये धरून ठेवते. या सर्किटला म्हणतात लॅच.

लॅच म्हणजे आपल्या भाषेत कडी. एकदा लावली की हात काढला तरी लागलेलीच राहते.

ही विजेची कडी ज्यांनी बनवली त्यांनी कॉम्प्युटर बनवायला घेतलाच नव्हता. तेव्हा आजच्या अर्थाने कॉम्प्युटर नव्हताच. ते होते रेडिओवाले. नाव विल्यम हेन्री एकल्स.

जहाजांच्या गावातला पोरगा

एकल्स यांचा जन्म २३ ऑगस्ट १८७५ चा, इंग्लंडच्या वायव्येला असलेल्या बॅरो-इन-फर्नेस या गावचा. हे गाव पोलाद आणि जहाजबांधणीसाठी ओळखलं जायचं. तिथून ते शिकायला लंडनला आले, रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये. १८९८ साली पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी नोकरी लागली ती थेट मार्कोनी यांच्याकडे, सहायक म्हणून.

म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर त्या काळातल्या सगळ्यात गाजलेल्या स्टार्टअपमध्ये.

डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी यांनी इंग्लंडमधल्या पोल्ढू इथून निघालेला बिनतारी सिग्नल अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये पकडल्याचं जाहीर केलं. जगभर गाजावाजा झाला. पण शास्त्रज्ञांची पंचाईत झाली. रेडिओ लहरी सरळ जातात, पृथ्वी तर गोल आहे. मग सिग्नल अवकाशात निघून जायच्या ऐवजी खाली वळला कसा?

१९०२ मध्ये अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडमध्ये हेव्हिसाइड यांनी वेगवेगळं सुचवलं की वातावरणात वर कुठेतरी वीज वाहून नेणारा थर असावा, लहरी त्याला लागून परत येत असाव्यात. ही कल्पना उचलून धरणाऱ्यांमध्ये एकल्स होते. १९१२ साली त्यांनी त्यात आपली भर घातली. सूर्याच्या किरणांमुळे हा थर बदलतो आणि म्हणूनच रेडिओ दिवसा वेगळा आणि रात्री वेगळा चालतो, असं त्यांचं म्हणणं होतं. रात्री लांबलांबची स्टेशनं लागायची आणि सकाळी गायब व्हायची, हे ज्यांनी जुन्या रेडिओवर अनुभवलंय त्यांना मुद्दा लगेच कळेल. हा थर खरोखर असल्याचं प्रयोगाने दाखवलं ते एडवर्ड ॲपलटन यांनी १९२४ मध्ये, आणि १९४७ चं नोबेल त्यांना मिळालं. आज या भागाला आपण आयनोस्फिअर म्हणतो.

एकल्स यांचं आणखी एक काम असंच आहे. गॅलिना नावाचं शिशाचं खनिज असतं. या स्फटिकाने लहरी पकडायच्या उपकरणाचं पेटंट आपल्या जगदीशचंद्र बोस यांना १९०४ साली अमेरिकेत मिळालं होतं. १९०९ च्या सुमारास एकल्स यांच्या लक्षात आलं की अशा स्फटिकाला नीट वीज दिली तर तो नुसता लहरी पकडत नाही, स्वतःहून कंपनंही तयार करतो. ट्रान्झिस्टर यायला अजून जवळपास ४० वर्षं होती. स्फटिकातून इलेक्ट्रॉनिक्स उभं राहू शकतं याची ही चुणूक होती. पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष काचेच्या व्हॉल्व्हकडे होतं, त्यामुळे पुढे फार कुणी गेलं नाही.

आणि हो, ‘डायोड’ हा शब्दही एकल्स यांचाच, १९१९ चा. तुमच्या घरातल्या एलईडी दिव्याच्या नावातला ‘डी’ तिथून आलाय.

बेल आणि दिव्याचं बटण

आता येऊ मूळ गोष्टीवर.

१९१६ मध्ये सिल्व्हेनस थॉम्पसन हे नावाजलेले प्रोफेसर वारले आणि लंडनच्या फिन्सबरी टेक्निकल कॉलेजमध्ये त्यांच्या जागी एकल्स आले. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि बिनतारी संदेशाला सोन्याचा भाव होता. अडचण अशी होती की दुरून आलेला सिग्नल फार दुबळा आणि क्षणभराचाच असतो. तो येऊन गेला हे नोंदवायचं कसं?

त्या काळी यासाठी रिले वापरायचे. रिले म्हणजे विजेने चालणारं लोखंडी चुंबकाचं बटण. पण त्यातली पट्टी प्रत्यक्ष हलते. जी वस्तू हलते तिला वेळ लागतो, ती झिजते, आणि तिला हलवण्याइतका जोर सिग्नलमध्ये असावा लागतो.

एकल्स आणि त्यांचे सहकारी फ्रँक विल्फ्रेड जॉर्डन यांनी ठरवलं की काहीही न हलणारा रिले बनवायचा.

फरक समजून घ्यायला आपल्या घरातली दोन बटणं बघा. दारावरची बेल दाबली तर वाजते, बोट काढलं की थांबते. दिव्याचं बटण एकदा दाबलं की दिवा लागलेलाच राहतो. बेलला काहीच आठवत नाही, दिव्याच्या बटणाला शेवटचं बोट आठवतं. एकल्स आणि जॉर्डन यांना विजेचं असं बटण हवं होतं जे बेलसारखं हलक्या टिचकीने चालेल, पण दिव्याच्या बटणासारखं त्याच जागी राहील.

त्यांनी दोन व्हॉल्व्ह घेतले आणि ते एकमेकांत उलटसुलट जोडले. पहिल्याचा निकाल दुसऱ्याच्या तोंडाशी, दुसऱ्याचा निकाल पहिल्याच्या तोंडाशी.

यातून काय होतं? दोन भांडखोर शेजारी आहेत असं समजा. नियम असा की एक जण बोलत असेपर्यंत दुसऱ्याने गप्प बसायचं आणि दुसरा गप्प आहे तोवर पहिल्याने बोलत राहायचं. पहिला बोलतोय म्हणून दुसरा गप्प आहे. दुसरा गप्प आहे म्हणून पहिला बोलतोय. बाहेरून कुणी काही केलं नाही तर हे असंच चालू राहणार. पण गप्प बसलेल्याला कुणी क्षणभर चिथावलं आणि तो बोलला, की पहिला गप्प होतो. आता डाव उलटा, आणि तोही तसाच टिकून राहतो.

दोनच अवस्था, दोन्ही पक्क्या, मधली अवस्था टिकतच नाही. एकीला शून्य म्हणा, दुसरीला एक म्हणा. झाली एका बिटची मेमरी.

२१ जून १९१८ रोजी दोघांनी ब्रिटनमध्ये पेटंटचा अर्ज केला. ते १९२० साली मंजूर झालं, क्रमांक १४८५८२. १९१९ मध्ये त्यांनी या ‘ट्रिगर रिले’वर लेखही छापला. मेमरी, कॉम्प्युटर, आकडेमोड यांच्यासाठी ही युक्ती आहे असा दोघांचा दावा नव्हता. त्यांच्या दृष्टीने तो फक्त एक चांगला रिले होता.

ज्याचं श्रेय जिवंतपणी कळलंच नाही

पुढे एकल्स मोठे झाले, पण या सर्किटमुळे नाही. १९२१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. ब्रिटिश साम्राज्यभर बिनतारी जाळं उभारायच्या सरकारी समितीत त्यांनी काम केलं आणि १९२६ साली सुरू झालेल्या रग्बीच्या प्रचंड लाँगवेव्ह स्टेशनच्या आराखड्यात त्यांचा हात होता. इंजिनिअरांच्या आणि भौतिकशास्त्रज्ञांच्या मोठ्या संस्थांचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं.

त्यांचं सर्किट मात्र गुपचूप आपल्या वाटेने चाललं होतं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधल्या ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे गुप्त संदेश फोडायला टॉमी फ्लॉवर्स यांनी कोलोसस नावाचं यंत्र बनवलं. पहिल्या कोलोससमध्ये दीड हजारांहून जास्त व्हॉल्व्ह होते आणि मोजणी लक्षात ठेवायला एकल्स-जॉर्डन सर्किट वापरलं होतं. म्हणजे हिटलरच्या सेनापतींचे संदेश वाचण्यात १९१८ च्या त्या कडीचाही वाटा होता. पण कोलोसस हे सरकारी गुपित. जगाला त्याची माहिती मिळाली १९७० च्या दशकात. एकल्स २९ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी ऑक्सफर्डमध्ये वारले. आपल्या सर्किटने युद्धात काय केलं, हे जाहीरपणे कुणी त्यांना सांगूच शकलं नाही.

अमेरिकेतला एनिॲक तर सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये फिलाडेल्फियात तो लोकांसमोर आला. १८ हजारांच्या आसपास व्हॉल्व्ह, वीज १५० किलोवॅट. त्यात एक आकडा, म्हणजे ० ते ९ पैकी एक, लक्षात ठेवायला १० फ्लिप-फ्लॉप लागायचे. फ्लिप-फ्लॉप हे एकल्स-जॉर्डन सर्किटला पडलेलं टोपणनाव. पुढे टोपणनाव टिकलं आणि खरी नावं मागे पडली.

कडी धरून ठेवायचं भाडं

एनिॲकच्या त्या १५० किलोवॅटमध्ये या सर्किटची मोठी खोड दिसते.

वर सांगितलेल्या शेजाऱ्यांपैकी कुणी ना कुणी सतत बोलत असतो. म्हणजे काहीच घडत नसतानाही एका व्हॉल्व्हमधून वीज वाहतच असते. त्यात व्हॉल्व्हची तार सतत तापवत ठेवावी लागते. एनिॲकमधल्या जोड-व्हॉल्व्हची नुसती तार तापवायला जवळपास ४ वॅट लागायचे. एक बिट, ४ वॅट, दिवसरात्र.

हिशोब करून बघा. एक एमबी मेमरी म्हणजे सुमारे ८४ लाख बिट. ती व्हॉल्व्हने बनवली असती तर फक्त तारा तापवायला ३ कोटी वॅटहून जास्त वीज लागली असती. व्हॉट्सॲपवरच्या एका गुड मॉर्निंग फोटोसाठी एका छोट्या गावाची वीज.

ट्रान्झिस्टर आला तेव्हा तापवायची तार गेली, पण एका बाजूने सतत वीज वाहायची खोड राहिलीच. ती मोडली १९६३ साली. फेअरचाइल्ड कंपनीतल्या फ्रँक वॉन्लास यांनी सीमॉस पद्धत दाखवली. यात दोन उलट स्वभावाचे ट्रान्झिस्टर एकावर एक बसवतात. वरचा चालू असेल तर खालचा बंद, खालचा चालू तर वरचा बंद. त्यामुळे वीजपुरवठ्यापासून जमिनीपर्यंत सलग वाट कधीच उघडी राहत नाही. वीज लागते ती फक्त अवस्था बदलताना. एरवी होते ती जराशी गळती.

एकल्स यांची मांडणी तीच राहिली, दोघं एकमेकांना धरून. फक्त गप्प बसायचं आणि बोलायचं, दोन्हीचं भाडं जवळजवळ शून्यावर आलं. आज प्रोसेसरजवळची जी वेगवान मेमरी असते तिच्या प्रत्येक बिटमध्ये साधारण ६ ट्रान्झिस्टर असतात. चार कडी धरतात, दोन दार उघडतात. एका एमबीसाठी ५ कोटी ट्रान्झिस्टर, आणि ते तुमच्या खिशात गार राहतात.

फ्यूज कुठून आला?

आता परत सुरुवातीच्या फ्यूजकडे येऊ.

पूर्वी घरात मीटरशेजारी पांढरे चिनी मातीचे फ्यूज असायचे. जास्त वीज गेली की आतली तार वितळायची. जोडलेली तार आणि तुटलेली तार, म्हणजे इथेही दोनच अवस्था. ही गोष्ट माहिती लिहून ठेवायला वापरायची युक्ती १९५६ साली वेन त्सिंग चाऊ यांनी अमेरिकेत काढली. अमेरिकन हवाई दलाच्या ॲटलस क्षेपणास्त्रात लक्ष्याची माहिती पक्की लिहायची होती, कुठल्याही धक्क्याने न पुसणारी. त्यांनी जास्त वीज सोडून आतले बारीक जोड जाळले. डेटा ‘बर्न’ करणे हा शब्द तिथूनच रूढ झाला.

मेमरी चिपमध्ये फ्यूज आले ते वेगळ्या गरजेतून. चिपमध्ये लाखो खाने असतात. बनवताना धुळीचा एक कण पडला तरी एखादी ओळ बिघडते. एका ओळीसाठी अख्खी चिप फेकायची का? १९७० च्या दशकाच्या शेवटी बेल लॅब्सने ६४ हजार बिटच्या चिपमध्ये उत्तर दिलं. काही ओळी जादाच्या ठेवायच्या, चाचणीत बिघडलेली ओळ सापडली की लेझरने फ्यूज तोडून तिचा पत्ता नोंदवायचा आणि तिच्या जागी राखीव ओळ जोडायची. क्रिकेटमधल्या बाराव्या खेळाडूसारखं, फक्त हा बॅटिंगही करतो.

मग प्रश्न आला वाचण्याचा. सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे फ्यूजमधून सतत थोडी वीज सोडायची. वीज गेली तर जोडलेला, नाही गेली तर तुटलेला. पण तुटलेला फ्यूज वीज खात नाही, न तुटलेला खातो. आणि बहुतेक फ्यूज न तुटलेलेच असतात. समजा १० हजार फ्यूज आहेत आणि प्रत्येकातून एक मायक्रोॲम्पिअर वाहतोय, तर झाले १० मिलिॲम्पिअर. मोबाईल नुसता टेबलावर पडलाय, कुणी हात लावत नाहीये, तरी बॅटरी उतरतेय. वर ठिबकणारे १० हजार नळ आणि खाली बादलीच नाही.

मग दरवेळी गरज पडेल तेव्हाच वाचलं तर? तेही जमत नाही. मेमरीत कुठलाही पत्ता आला की तो बिघडलेल्या पत्त्यांशी ताडून बघावा लागतो, आणि तोही डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी. उत्तर कायम हाताशी हवं.

इथे कामाला आली एकल्स यांची कडी. चिपला वीज मिळाली की एक छोटा इशारा सुटतो. आधी फ्यूजच्या टोकाला वीज भरतात, मग फ्यूजच्या वाटेने ती सांडू देतात. फ्यूज अखंड असेल तर टोक रिकामं होतं, तुटला असेल तर भरलेलं राहतं. जे काही राहिलं त्यावर लॅचची कडी लागते. फ्यूज अखंड निघाला तर कडीच टोकाकडे येणारी वीज बंद करते. तुटलेला निघाला तर ती टोकाला धरून ठेवते, आणि वाट तुटलेलीच असल्यामुळे काही वाहत नाही. दोन्ही बाजूंनी खर्च गळतीपुरताच. फ्यूज एकदाच विचारायचा, उत्तर पाठ करायचं, मग त्याला परत त्रास द्यायचा नाही.

वाचायला सोपं आहे, पण डिझाइन करणाऱ्यांची झोप यातच जाते. कारण फ्यूज कधीकधी अर्धवट तुटतो. कडीला तर ‘अर्धवट’ ही अवस्था माहीतच नाही, ती कुठल्यातरी एका बाजूला पडणारच. थंडीत एका बाजूला पडली आणि उन्हात दुसऱ्या बाजूला, तर चांगल्या ओळीच्या जागी बिघडलेली ओळ उभी राहते आणि फोन कधीतरी अचानक अडकतो. म्हणून कारखान्यात मुद्दाम काठावरची परिस्थिती तयार करून प्रत्येक फ्यूज तपासतात. दुसरी भीती अशी की मधेच व्होल्टेज खूप खाली गेलं तर कडी जे पाठ केलं ते विसरते, मग फ्यूज पुन्हा वाचावे लागतात. आणि सगळे फ्यूज एकाच झटक्यात वाचले तर सुरुवातीलाच विजेचा मोठा घोट जातो, म्हणून ते टप्प्याटप्प्याने वाचतात.

पुढे फ्यूज लेझरऐवजी विजेनेच तोडता यायला लागले. उलटा प्रकारही आला, अँटीफ्यूज, जो आधी तुटलेला असतो आणि वीज देऊन जोडतात. फ्यूज बदलत गेले, उत्तर धरून ठेवणारी कडी तीच राहिली.

दोन नावं लक्षात ठेवा

इंटेलने आपली पहिली मेमरी चिप, ६४ बिटची ३१०१, बाजारात आणली ती १९६९ मध्ये. एकल्स जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या चिपमधला प्रत्येक बिट म्हणजे दोन भाग एकमेकांना उलटे जोडलेले, जॉर्डन यांच्यासोबत त्यांनी कागदावर काढले होते तसेच.

रेडिओच्या इतिहासात एकल्स यांना मान आहे, पण ती स्टेशनं आणि त्या समित्या आज कुणाच्या रोजच्या जगण्यात नाहीत. जे काम त्यांना एक बरा रिले वाटलं ते प्रत्येक फोनमध्ये, एटीएममध्ये, गाडीत आणि वॉशिंग मशीनमध्ये आहे. मोबाईल रिस्टार्ट करताना लोगो यायला जरा वेळ लागला तर वैतागू नका. आत हजेरी चालू आहे आणि हजारो कड्या एकेक करून लागतायत. पहिली लावली होती विल्यम एकल्स आणि फ्रँक जॉर्डन या दोघांनी.